कोरी चिठ्ठी

दर रविवारी दुपारी दोन वाजता बाबांचा व्हिडिओ कॉल येतो. ड्रेस्डेनमध्ये दुपारचे दोन म्हणजे गावी दिवेलागणीनंतरची वेळ. बाबा देवाला दिवा लावून, ओसरीवर खुर्ची टाकून बसतात आणि फोन असा धरतात की मला त्यांचं कपाळ आणि मागचा वासा एवढंच दिसतं. गेल्या नोव्हेंबरमधल्या शेवटच्या रविवारी त्या कपाळाने मला सांगितलं, "जत्रेआधी देवळात जाऊन येतंय. तुझ्या लग्नाचो कौल लावून घेतंय. देवाक विचारूक व्हया ना?"

मी "बरं" म्हणाले.

कॉल संपल्यावर बराच वेळ मी फोनच्या काळ्या स्क्रीनकडे बघत बसले होते. अठ्ठावीस वर्षांची बाई, हाताखाली दोन ज्युनिअर, प्रॉडक्शनवरचा सर्व्हर रात्री तीनला पडला तर उठून उभा करणारी. आणि वडिलांना "नका लावू" एवढे दोन शब्द म्हणता आले नाहीत.

ज्यांना कौल म्हणजे फक्त निवडणुकीतला 'जनतेचा कौल' माहीत आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सिंधुदुर्गात आणि गोव्यात बऱ्याच ग्रामदेवतांना प्रश्न विचारण्याची पद्धत आहे. गुरव देवाच्या मूर्तीवर ओल्या पाकळ्या किंवा तांदळाचे दाणे चिकटवतो, डाव्या आणि उजव्या बाजूला. मग गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारला जातो. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. गावागावात नियम थोडे बदलतात, पण मुद्दा हाच. विहीर कुठे खणायची, जमिनीचा व्यवहार करायचा का, मुलीला हे स्थळ द्यायचं का. शहरातल्या मित्रमैत्रिणींना हे सांगितलं की ते हसतात. मी हसू शकत नाही. मी ते दोनदा जवळून पाहिलंय.

पहिल्यांदा मी नऊ-दहा वर्षांची असेन. आजोबा गेल्यावर बाबा आणि काका यांच्यात घर नि कलमांची बाग यावरून वाद पेटला होता. दोन घरांत एकच मागचं दार होतं आणि ते सहा महिने बंद होतं. मध्यस्थ झाले, वकील झाले. शेवटी दोघे देवळात गेले. कुठली बाग कुणाला, हे पाकळीने ठरवलं. बाबांच्या वाट्याला उतारावरची, कमी उत्पन्नाची बाग आली. त्या रात्री काकू आमच्याकडे घावणे घेऊन आली. मागच्या दाराने. बाबांनी बागेबद्दल पुन्हा कधी एक शब्द काढला नाही. देवाने दिलं म्हटल्यावर भावाने घेतलं असं राहत नाही.

दुसऱ्यांदा मी अकरावीत होते. ताईला तिच्यासोबत डी.एड.ला असलेला एक मुलगा आवडत होता. त्यानेच घरी येऊन विचारलं होतं. बाबांचा विरोध नव्हता, फक्त देवाला विचारायचं होतं. मी सोबत गेले होते. डावी पाकळी पडली. पडताना आवाज होत नाही, पण मला तो ऐकू आल्यासारखं वाटलं होतं. ताई घरी होती. तिला घरी आल्यावर सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि तांदूळ निवडत बसली.

ताई आज छत्तीस वर्षांची आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, बाबांना सांभाळते. दुःखी आहे असं मी म्हणणार नाही, तो अधिकार मला नाही. पण तिने नंतर कुठल्याच स्थळाला होकार दिला नाही.

*

डिसेंबर जवळ आला की ड्रेस्डेनमध्ये खिडक्याखिडक्यांतून कागदी तारे लटकतात. आत दिवा असलेले, चहूबाजूंनी टोकं फुटलेले. आमच्या ऑफिसच्या पॅन्ट्रीतही एक लागतो. त्या सोमवारी मी कॉफी घेऊन त्याच्याकडे बघत उभी होते, तेव्हा टीममधल्या एका सहकारीने सांगितलं की त्याला पंचवीस टोकं असतात, आणि तो मुळात भूमितीच्या तासासाठी बनवला होता. दोनेकशे वर्षांपूर्वी, नीस्की गावातल्या मोरेव्हियन शाळेत. "माझी आजी त्याच चर्चची," ती म्हणाली. "हेर्नहूटची. त्यांच्याकडे पूर्वी लग्नंसुद्धा चिठ्ठ्या टाकून ठरायची."

मी कप खाली ठेवला.

"चिठ्ठ्या टाकून म्हणजे?"

"म्हणजे चिठ्ठ्या टाकून. देवाला विचारायचे. हो की नाही."

मी तिला पाकळ्यांबद्दल सांगितलं. आतापर्यंत एकाही जर्मन माणसाला सांगितलं नव्हतं. ती हसली नाही. "तुझ्याकडे अजून चालतं?" एवढंच तिने विचारलं, आणि मग म्हणाली, "आमच्यात त्यावरून भांडण झालं होतं. मोठं. लोकांचं आणि पुढाऱ्यांचं."

मला त्या भांडणात काय झालं ते जाणून घ्यायचं होतं. अगदी स्वार्थाने. कुणीतरी, कुठेतरी, माझ्या आधी ही मॅच खेळलं होतं आणि मला स्कोअर हवा होता.

*

पुढच्या शनिवारी आम्ही दोघी गेलो. ड्रेस्डेनहून लोबाऊपर्यंत ट्रेन, पुढे बस. पोलंड आणि चेक सीमेच्या कोपऱ्यात, टेकड्यांमधलं छोटंसं गाव. आपल्याकडे ज्याला तालुक्याचं ठिकाणही म्हणणार नाहीत एवढं. पण या गावाचं नाव २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलंय. डेन्मार्कमधलं क्रिस्टियान्सफेल्ड आधीच त्या यादीत होतं. त्याच्यासोबत अमेरिकेतलं बेथलेहेम, उत्तर आयर्लंडमधलं ग्रेसहिल आणि हे. या सगळ्या मोरेव्हियन वसाहती. आणि ज्यांनी लेहच्या बाजारातून फिरताना मोरेव्हियन चर्चची पाटी पाहिली असेल, तेही याच गावाचं शेपूट. एकोणिसाव्या शतकात इथून निघालेली माणसं आधी लाहौलमध्ये केलाँगला आणि मग लेहला पोहोचली. १८८१ साली छापला गेलेला तिबेटी-इंग्रजी शब्दकोश ज्याने केला, तो येश्के याच हेर्नहूटमध्ये जन्मलेला.

गावाची सुरुवात मात्र निर्वासितांची. मोराव्हिया म्हणजे आजच्या चेक देशाचा पूर्व भाग. तिथे कॅथलिक राजवटीत लपूनछपून आपला जुना पंथ जपणारी काही कुटुंबं होती. क्रिस्टियान डाविड नावाच्या सुताराने त्यांना सीमेपार आणलं. १७२२ च्या जूनमध्ये त्याने पहिलं झाड तोडलं, ती जागा आज दगड लावून दाखवतात. जमीन होती काउंट त्सिन्त्सेनडॉर्फ नावाच्या तरुण सरदाराची. वय फक्त बावीस. ड्रेस्डेनच्या दरबारात नोकरी, मनात देव. आपल्या जमिनीवर या लोकांना त्याने राहू दिलं आणि पाच वर्षांत ते एकमेकांच्या उरावर बसले.

कारण पंथ. त्सिन्त्सेनडॉर्फ लुथरन, गावाला जोडलेल्या बेर्टेल्सडॉर्फचा पाद्री लुथरन, आणि आलेले लोक वेगवेगळ्या मतांचे. क्र्यूगर नावाचा एक उपदेशक आला आणि सांगू लागला की लुथरन चर्च म्हणजे बाबेल, त्यातून बाहेर पडा. त्याने तर काउंटला बायबलच्या शेवटच्या पुस्तकातला पशू ठरवलं आणि पाद्रीला खोटा संदेष्टा. ज्याच्या जमिनीवर राहतोय, त्यालाच! क्रिस्टियान डाविड स्वतः या वाऱ्यात सापडला आणि गावाबाहेर वेगळी झोपडी बांधून राहिला.

इथे सरदार काय करू शकत होता, ते उघड आहे. त्याने ते केलं नाही. दरबारातून रजा घेऊन तो गावात राहायला आला आणि घरोघर जाऊन बसला. १२ मे १७२७ ला सगळ्यांना जमवून तो तासन्‌तास बोलला आणि गावाच्या नियमांवर सगळ्यांच्या सह्या झाल्या. मग लोकांनी बारा वडीलधारे निवडले आणि त्या बारातून चार मुख्य कोण, हे चिठ्ठी टाकून ठरलं. झोपडीवाला क्रिस्टियान डाविड त्या चारांत निघाला.

मी इंजिनिअर आहे, मला हे आवडलं. अनेक सर्व्हरमधून एक मुख्य निवडायचा असतो तेव्हा सगळे एकाच क्षणी "मी, मी" म्हणाले तर सिस्टिम अडकते. यावर राफ्ट नावाच्या अल्गोरिदममधला उपाय असा की प्रत्येकाला थोडा वेगवेगळा, रँडम वेळ थांबायला लावायचं. कोंडी फुटते, कारण रँडमला कुणी लाडकं नसतं. आमच्या बागेच्या वेळी पाकळीने तेच केलं होतं.

पण हेर्नहूटच्या लोकांना चिठ्ठी रँडम वाटत नव्हती, हे विसरून चालणार नाही. बायबलमध्ये यहूदाची जागा रिकामी झाल्यावर मत्थियाची निवड चिठ्ठ्या टाकूनच होते. चिठ्ठी म्हणजे येशूचा आवाज. १७४१ मध्ये मुख्य वडीलधाऱ्याने पद सोडलं तेव्हा लंडनच्या बैठकीत एकेक नाव चिठ्ठीने नाकारलं गेलं, आणि शेवटी ते पद येशूचंच असं ठरलं. त्या दिवसापासून संघाचा प्रमुख प्रत्यक्ष तो. आणि प्रमुखाशी बोलायचं साधन चिठ्ठी. आता तुम्ही चिठ्ठीबद्दल शंका काढली, तर ती कागदाच्या तुकड्याबद्दल राहत नाही.

*

दोन गोष्टी सांगायच्या आहेत, ज्या मला घरून निघताना नको होत्या. मला चिठ्ठीला व्हिलन करायचं होतं.

पहिली १७३१ च्या जानेवारीतली. त्सिन्त्सेनडॉर्फला वाटायला लागलं की वेगळेपणा पुरे, आपल्या लोकांनी सरळ लुथरन चर्चमध्ये विलीन व्हावं. लोक म्हणाले, आमचे पूर्वज या रीतीसाठी घरदार सोडून पळाले, ती आम्ही सोडणार नाही. नेता एकीकडे, सभासद दुसरीकडे. त्याने चिठ्ठ्या मांडल्या, बायबलची दोन वचनं लिहून, आणि त्याच्याच लहानग्या मुलाने एक उचलली. निघालं ते वचन आपल्या परंपरा धरून राहा असं सांगणारं. काउंट हरला. जमीन त्याची, पैसा त्याचा, चिठ्ठी उचलणारा पोर त्याचा, आणि तरी त्याने ते मानलं. मोरेव्हियन चर्च आज वेगळं चर्च म्हणून उभं आहे, त्यात या चिठ्ठीचा वाटा आहे.

दुसरी १७३० मधली. बायकांची प्रमुख निवडायची होती. चार नावांतून चिठ्ठी आली आना निचमानची. वय चौदा. मोराव्हियातून पळून आलेल्या गरीब घरातली मुलगी. काउंटने तिला सुचवून पाहिलं की तू लहान आहेस, नाही म्हण. ती नाही म्हणाली नाही. पुढे तिने देशोदेशी फिरून काम केलं. अठराव्या शतकात कुठली समिती, कुठलं मतदान चौदा वर्षांच्या गरीब मुलीला त्या जागी बसवणार होतं?

"पण मग लग्नांचं काय?" मी विचारलं. आम्ही तोवर हुटबर्ग टेकडीवरच्या दफनभूमीत पोहोचलो होतो. कापून नीट ठेवलेल्या झाडांच्या रांगा आणि त्यांच्यामध्ये जमिनीत सपाट बसवलेले दगड. सगळे सारख्या मापाचे. श्रीमंत, गरीब, पाद्री, न्हावी, सगळे एका उंचीवर. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला, नवराबायकोसुद्धा शेजारी नाहीत. मधोमध काउंटच्या घराण्याच्या थडग्यांचे दगड तेवढे मोठे आणि उंच. आम्ही दोघींनी ते एकदमच पाहिलं आणि एकमेकींकडे पाहून हसलो.

लग्नाची पद्धत अशी होती. अविवाहित पुरुष वेगळ्या घरात राहायचे, अविवाहित बायका वेगळ्या. पुरुषाने लग्नाची इच्छा वडीलधाऱ्यांना सांगायची, नाव सुचवायचं किंवा त्यांनी सुचवायचं. मग वडीलधारे चिठ्ठी टाकायचे. तीन चिठ्ठ्या असायच्या. एकीवर हो, एकीवर नाही, आणि एक कोरी.

कोरी म्हणजे आत्ता नाही, किंवा प्रश्नच चुकलाय.

प्रोग्रामिंगमध्ये ट्रू आणि फॉल्स यांच्याखेरीज एक नल असतो. नल म्हणजे नाही नव्हे. नल म्हणजे इथे अजून काही लिहिलेलंच नाही. नवशिके नेहमी इथे चुकतात. नलला फॉल्स समजतात आणि मग सगळं कोसळतं. अठराव्या शतकातल्या या शेतकरी-सुतारांनी देवाला नल म्हणायची सोय ठेवली होती, हे वाचून मला त्यांचा हेवा वाटला. आमच्या पाकळीलाही तशी सोय असते खरं तर. कधीकधी कुठलीच पडत नाही. पण तेव्हा आपण तासभर वाट बघतो, पुन्हा गाऱ्हाणं घालतो, पाकळीला पडायलाच लावतो.

होकार आला तरी त्या मुलीला नाही म्हणायचा हक्क होता. हे महत्त्वाचं आहे. चिठ्ठीचा 'हो' कुणाला बांधत नव्हता. चिठ्ठीचा 'नाही' मात्र बांधायचा. आणि मुलीला विचारायचे ते चिठ्ठीनंतर, होकार आला तर. म्हणजे नकार आला तर तिच्यापर्यंत गोष्ट कदाचित पोहोचायचीच नाही. आपलं नाव कुणीतरी घेतलं होतं, कुणाच्या तरी मनात आपण होतो, हेही तिला कळणार नाही.

मी तिथल्या बायकांच्या बाजूच्या दगडांमधून चालत होते. नाव, जन्म, मृत्यू. मला तांदूळ निवडणारी ताई आठवत होती.

*

तर भांडण. ते हळूहळू शिजलं. त्सिन्त्सेनडॉर्फ १७६० मध्ये गेला. संघाचा कारभार सॅक्सनीत बसलेल्या वडीलधाऱ्यांच्या मंडळाकडे आला आणि मोठे प्रश्न तिथे चिठ्ठीने सुटत राहिले. पण सभासद आता पेन्सिल्व्हेनियातल्या बेथलेहेममध्ये आणि नॉर्थ कॅरोलिनातल्या सेलममध्येही होते. तिथली तिसरी पिढी इंग्रजी बोलत होती. शेजारचा पोरगा आपल्या पसंतीच्या मुलीशी लग्न करत होता आणि इथे मोरेव्हियन पोराला वडीलधाऱ्यांपुढे उभं राहून चिठ्ठीची वाट बघायला लागत होती. चिठ्ठीला डावलून लग्न केलं तर संघातून बाहेर. आणि अशा वसाहतीतून बाहेर पडणं म्हणजे फक्त रविवारची प्रार्थना जाणं नव्हे. जमीन चर्चची होती. घर, धंदा, शेजार, सगळं त्यात. तरी तरुण माणसं बाहेर पडत होती.

यात मला सर्वात विचार करायला लावणारी गोष्ट ही की बाहेर पडणारे सगळे नास्तिक नव्हते. आत राहून भांडणारे तर नव्हतेच. देव आहे की नाही, हा वाद नव्हताच. वाद होता, देवाची इच्छा कळते कशी. एक बाजू म्हणत होती, येशू आपला प्रमुख आहे, त्याला आयुष्यातला सगळ्यात मोठा प्रश्न विचारायचा नाही, तर मग विचारायचं काय? दुसरी बाजू म्हणत होती, चिठ्ठीवर मनापासून विश्वास असेल तरच ती देवाचा आवाज. विश्वास नसलेल्याला जबरदस्तीने चिठ्ठी टाकायला लावली तर तो फक्त नियम. दोन्ही बाजू देवाच्याच बाजूने बोलत होत्या. म्हणूनच भांडण अवघड होतं.

१८१७ मध्ये अमेरिकेतल्या प्रतिनिधींची बेथलेहेमला परिषद झाली आणि मागणी ठरली की लग्नासाठी चिठ्ठीची सक्ती नको. ती मागणी घेऊन प्रतिनिधी समुद्र ओलांडून हेर्नहूटला आले. १८१८ च्या महासभेत मागणी मान्य झाली. साध्या सभासदांना लग्नासाठी चिठ्ठीचं बंधन उरलं नाही. मिशनरींसाठी मात्र ते ठेवलं. पुढे हळूहळू बाकीच्या गोष्टींतूनही चिठ्ठी मागे सरत गेली आणि १८८९ च्या महासभेत ती कारभारातून अधिकृतपणे गेली.

म्हणजे १८१८ मध्ये कुणी चिठ्ठी खोटी ठरवली नाही. येशूला प्रमुखपदावरून काढलं नाही. आधीच्या शंभर वर्षांतल्या चिठ्ठ्या चुकीच्या होत्या असंही कुणी म्हटलं नाही. त्यांनी फक्त एक प्रश्न त्या पेटीतून बाहेर काढला. हा प्रश्न आता इथे विचारायचा नाही.

मी गेली दहा वर्षं मनातल्या मनात बाबांशी जे भांडत होते, ते असं होतं: पाकळी पडते कारण ती वाळते, ज्या बाजूला पाणी कमी लागलं ती आधी पडते, उन्हाची तिरीप कुठून येते ते बघा, हे गुरुत्वाकर्षण आहे बाबा. हे भांडण मी कधीच तोंडाने केलं नाही, कारण ते जिंकले असते तर मागचं दारही पुन्हा बंद झालं असतं. बाबांचा देव खोटा पाडल्याशिवाय माझं लग्न सुटत नाही, असं मी धरून चालले होते. बेथलेहेमच्या लोकांनी तसं धरलं नव्हतं.

परतीच्या बसमध्ये सहकारीने तिच्या फोनवरचं एक ॲप दाखवलं. रोज एक वचन. १७३१ पासून दरवर्षी न चुकता हे पुस्तक छापलं जातं, आता ॲपही आहे. ती स्वतः चर्चला जात नाही, पण हे वाचते. रोजचं जुन्या करारातलं वचन कसं ठरतं माहितीये? हेर्नहूटमध्ये बसून, सुमारे अठराशे वचनांमधून, चिठ्ठी काढून. काही वर्षं आधीच. अजूनही. "आजी म्हणायची," ती म्हणाली, "दिवसासाठी चिठ्ठी बरी. नवऱ्यासाठी नको."

*

त्या रात्री मी ताईला फोन केला. भारतात पहाटेचे तीन वाजले होते हे रिंग गेल्यावर लक्षात आलं. तिने घाबरून उचलला. मी म्हटलं, काही नाही, सहज. आणि मग आम्ही दीड तास बोललो.

मी तिला पहिल्यांदाच विचारलं, त्या दिवसाबद्दल. तिला कौलाचा राग येतो का.

"कौलाचा नाही गं," ती म्हणाली. "बाबांनी देवाला विचारलं, गुरवाला विचारलं, मानकऱ्यांना विचारलं. मला कुणी विचारलं नाही. डावा पडल्यावर तुला काय वाटतं, एवढं विचारलं असतं तर कदाचित मीही बरंच म्हटलं असतं. माहीत नाही. पण विचारायला हवं होतं."

मी गप्प राहिले.

"आणि तू पण नाही विचारलंस," ती म्हणाली. रागाने नाही. "तू देवळात होतीस ना. येऊन माझ्याजवळ बसली असतीस तरी चाललं असतं."

हे मला कुठल्याही संग्रहालयात मिळणार नव्हतं. मी मुख्य दोष नेहमी पाकळीचा धरला, मग बाबांचा. मी अकरावीत होते, मला काय कळत होतं, ही माझी बाजू. पण ती बरं म्हणून तांदूळ निवडत बसली होती, आणि मी दुसऱ्या दिवशीच्या फिजिक्सच्या पेपरचा अभ्यास करायला वर गेले होते.

पुढच्या रविवारी दोन वाजता फोन आला. कपाळ, वासा. मी आधीच लिहून काढलेलं सगळं विसरले. म्हटलं, "बाबा, माझ्या लग्नाचो कौल लावू नकात."

"म्हणजे?"

"म्हणजे देवळात जावा. गाऱ्हाणं घाला. पण आमचं लग्न व्हावं की नको, हा प्रश्न देवाला विचारू नका. तो माझा नि त्याचा आहे. आणि तुमचा. तुम्ही मला विचारा काय ते. मी सांगते."

बराच वेळ फक्त वासा दिसत होता. नेटवर्क गेलंय असं मला वाटलं. मग बाबा म्हणाले, "देवार विश्वास नाय तुझो?"

या प्रश्नाचं उत्तर मला आजही नीट देता येत नाही. मी म्हटलं, "तुमचा आहे ना. तो मी मोडत नाहीये. बागेच्या वेळी त्याने आपलं घर वाचवलं, मला आठवतंय. पण ताईच्या वेळी आपण देवाच्या पाठीमागे लपलो बाबा. आपण सगळेच."

ताईचं नाव आमच्या घरात या विषयात बारा वर्षांत निघालं नव्हतं. बाबांनी "बघूया" म्हणून फोन ठेवला. बाबांचं 'बघूया' म्हणजे काय हे ओळखायला मला अजून जमत नाही. ना उजवं, ना डावं.

जत्रेच्या दोन दिवस आधी ताईने एक व्हॉइस नोट पाठवली. मी ट्राममध्ये होते. कानाला लावली तर आधी घंटा, मग खोकला, मग गुरवाचा चढा आवाज. गाऱ्हाणं. "पोरगी परमुलखात आसा, तिची राखण कर" असं काहीतरी, आणि प्रत्येक ओळीला चार-पाच पुरुषांचं "व्हय म्हाराजा!" त्यात बाबांचा आवाज मी ओळखला. मी शेवटपर्यंत प्रश्नाची वाट बघत होते. प्रश्न आला नाही. नारळ फुटल्याचा आवाज आला आणि नोट संपली.

सगळं सुरळीत झालं असं समजू नका. मानकऱ्यांपैकी एकाने बाबांना विचारलंच म्हणे, की लग्नाचं काय, कौल नाही लावला? बाबांनी काय उत्तर दिलं ते ताईला ऐकू आलं नाही. त्याला, म्हणजे माझ्या त्याला, बाबा अजून भेटलेले नाहीत. मे महिन्यात आम्ही दोघे गावी जाणार आहोत. बाबा "येवा" म्हणालेत, त्यापुढे काही नाही.

ताईने त्या नोटेखाली फक्त एवढंच लिहिलं होतं: "काल रात्री जेवताना बाबांनी विचारलं, तेव्हा तुझ्या मनात काय होतं म्हणून."

मी तिला विचारलं, मग तू काय सांगितलंस?

दोन निळ्या टिका दिसताहेत. उत्तर अजून आलेलं नाही. मी यावेळी वाट बघायची ठरवलीये.